पिक्सेल क्लॉकचा टॉलरन्स किती ठेवावा? एचडीएमआयचा अर्धा टक्का पॅनेललाही लावावा का?

अंबड_फर्मवेअर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. आम्ही अंबड औद्योगिक वसाहतीत शीतगृहांचे नियंत्रक बनवतो. पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षांच्या प्री-कूलिंग खोल्यांबाहेर ते बसतात, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधला उकाडा आणि डिसेंबरात निफाडकडची थंडी असे दोन्ही त्यांना सोसावे लागते. नव्या बोर्डावर सात इंची, १०२४ × ६०० चे एलव्हीडीएस (कमी व्होल्टेजच्या तारांच्या जोड्यांवरून डेटा घेणारे) पॅनेल आहे. प्रोसेसरमधून समांतर आरजीबी निघते, मध्ये समांतर तारांवरचा डेटा एकापाठोपाठ एक पाठवणारी चिप, म्हणजे एलव्हीडीएस सिरियलायझर, आहे, आणि देखभालीच्या वेळी मॉनिटर जोडता यावा म्हणून एचडीएमआयचे वेगळे आउटपुटही दिलेले आहे.

पॅनेलच्या डेटाशीटमध्ये एच-टोटल (एका ओळीतले एकूण क्लॉक) १३४४, व्ही-टोटल (एका फ्रेममधल्या एकूण ओळी) ६३५ आणि पिक्सेल क्लॉक (एकेक पिक्सेल पाठवण्याचा वेग) ५१.२ मेगाहर्ट्झ या नेहमीच्या रकमा दिल्या आहेत. १३४४ × ६३५ × ६० केले की ५१.२०६ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे हिशेब ६० हर्ट्झचाच आहे. अडचण पीएलएलची, म्हणजे क्लॉकची फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटची आहे. एचडीएमआयमुळे तो ५९४ मेगाहर्ट्झवर बांधलेला आहे आणि त्याच्यापुढचा डिव्हायडर केवळ पूर्णांकाने भागतो. १२ ने भागले तर ४९.५ मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे ३.३ टक्के कमी. ११ ने भागले तर ५४ मिळतात, म्हणजे ५.५ टक्के जास्त.

जुन्या कर्नलमधला ड्रायव्हर काहीही न बोलता ४९.५ घेत असे आणि चित्र व्यवस्थित येत असे. चिप उत्पादकाने दिलेल्या नव्या कर्नलमध्ये मोड (रिझोल्यूशन आणि टायमिंगचा संच) तपासणारे फंक्शन आले आहे आणि ते अर्ध्या टक्क्याहून अधिक फरक असलेला मोड नाकारते. पॅनेलला एकच मोड असल्याने तो नाकारला गेला की यादीच रिकामी होते. बॅकलाइट लागतो, पण पडदा कोराच राहतो.

आमच्याकडे दोन मते पडली आहेत. एक गट म्हणतो की ही तपासणीच काढून टाकावी. दुसरा म्हणतो की डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचे कर्नलसाठीचे वर्णन) पॅनेलची फ्रिक्वेन्सी ५१.२ ऐवजी ४९.५ लिहून मोकळे व्हावे. दोन्ही उपायांनी पडदा चालू होईल, परंतु हा अर्धा टक्का कुठून आला आणि तो पॅनेलला लागू पडतो का, हे समजल्याशिवाय मला यापैकी काहीच करावेसे वाटत नाही.

गोदाकाठ

प्रश्न चांगला मांडला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टॉलरन्स, म्हणजे चालू शकणारा फरक, म्हटले की बहुतेकांचे लक्ष क्रिस्टलकडे जाते, आणि या प्रकरणात ते तिकडे जाण्याचे कारण नाही. तुमच्या बोर्डावरचा क्रिस्टल ±२० पीपीएमचा (दशलक्षात २० भागांचा) असेल असे धरले, तर ५१.२ मेगाहर्ट्झवर त्याने होणारा फरक सुमारे १ किलोहर्ट्झ आहे. डिव्हायडर पूर्णांक असल्यामुळे होणारा फरक १७०० किलोहर्ट्झ आहे. येथे क्रिस्टलच्या पीपीएमवर चर्चा करणे म्हणजे लासलगावला कांद्याच्या ट्रकचे वजन करताना चालकाच्या खिशातली नाणी मोजण्यासारखे आहे. ड्रायव्हरमधला टॉलरन्स खऱ्या अर्थाने विभाजनातून उरणाऱ्या फरकाशी संबंधित असतो, आणि हा फरक प्रत्येक बोर्डावर, प्रत्येक तापमानाला अगदी तेवढाच राहतो. तो चाचणीत एकदा चालला की नेहमी चालतो, असा त्याचा एक फायदाही आहे.

आता अर्ध्या टक्क्याविषयी. व्हेसा या डिस्प्ले उद्योगाच्या संघटनेच्या मॉनिटर टायमिंगच्या डीएमटी मानकात पिक्सेल क्लॉकसाठी ०.५ टक्के टॉलरन्स दिलेला आहे, आणि लिनक्सच्या काही डिस्प्ले ड्रायव्हरांनी तपासणीसाठी तोच आकडा उचलला. ऑलविनर चिपसाठीच्या सन४आय ड्रायव्हरमध्ये तो दर हजारी ५ या रूपात लिहिलेला आहे. महत्त्वाचे म्हणजे त्याच ड्रायव्हरमध्ये आउटपुटला थेट पॅनेल जोडलेले असेल तर ही तपासणी सोडून दिली जाते, आणि पॅनेलच्या किमान-कमाल मर्यादा वापरून टायमिंग ताणता आले पाहिजे, अशी उरलेल्या कामाची नोंदही तेथे करून ठेवलेली आहे. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या एलटीडीसी ड्रायव्हरचीही भूमिका याच अंगाची आहे: पसंतीचा मोड असेल तर तो घ्यावा, कारण पॅनेलचा क्लॉक टॉलरन्स एचडीएमआयपेक्षा मोठा असतो, बाकीच्या मोडना मात्र तेथे अवघ्या ५० हर्ट्झचा फरक चालतो.

मग तुमच्याकडे तपासणी का लागली? माझा अंदाज सिरियलायझरवर आहे. तो कर्नलमध्ये ब्रिज, म्हणजे सिग्नलचे रूप बदलणारा मधला दुवा, म्हणून नोंदला जातो. डिस्प्ले ड्रायव्हर आपल्या लगतच्या घटकाकडे पाहतो, त्याला तेथे पॅनेल न दिसता ब्रिज दिसतो, आणि ब्रिज म्हणजे पुढे मॉनिटर असणार असे गृहीत धरून तो मॉनिटरचा नियम लावतो. साखळीच्या शेवटी काय आहे हे तो पाहत नाही. हे तपासून पाहा.

कॉलेजरोड_ईअँडटीसी

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमस्व. जुन्या कर्नलवर चित्र येत होते, म्हणजे तपासणीविना काम चालत होते. मग तपासणी ठेवण्याचा उपयोग नेमका काय? मॉनिटरला मोड चालला नाही तर तो स्वतःच तसा संदेश दाखवतो.

त्र्यंबकरोड

बाळबोध मुळीच नाही. मॉनिटर संदेश दाखवतो हे खरे, पण तो आपल्या बोर्डाला काही कळवत नाही. ड्रायव्हरने मोडांच्या यादीत एखादा मोड ठेवला की वरचे सॉफ्टवेअर तो निवडू शकते, आणि मग शीतगृहावर उभ्या असलेल्या माणसाला काळ्या पडद्यावर मेनू शोधावा लागतो. नाकारायचे ते यादी बनतानाच नाकारले, तर उरलेल्यांतून चालणारा मोड आपोआप निवडला जातो.

धागाकर्त्यांच्या ५९४ मेगाहर्ट्झच्या पीएलएलवरच हिशेब करून पाहा. २२ ने भागले की २७, ८ ने भागले की ७४.२५ आणि ४ ने भागले की १४८.५ मेगाहर्ट्झ येतात. म्हणजे टीव्हीचे ७२० आणि १०८० ओळींचे ६० हर्ट्झचे मोड बिनचूक बसतात, आणि हा आकडा त्यासाठीच निवडलेला असतो. आता संगणकाचे जुने मोड घ्या. ६४० × ४८० ला २५.१७५ मेगाहर्ट्झ लागतात आणि जवळात जवळ २४.७५ मिळतात, १.७ टक्के कमी. ८०० × ६०० ला ४० हवेत आणि ३९.६ मिळतात, १ टक्का कमी. १०२४ × ७६८ ला ६५ हवेत आणि ६६ मिळतात, दीड टक्का जास्त. यांतले काही मॉनिटर चालवून घेतील आणि काही घेणार नाहीत, आणि कोणता घेईल हे आपल्याला आधी कळण्याचा मार्ग नाही. अशा ठिकाणी मानकातला अर्धा टक्का हाच उभय पक्षांतला करार असतो.

५९.९४ आणि ६० हर्ट्झ यांच्यातला फरक १००० भागिले १००१ इतका, म्हणजे जवळपास ०.१ टक्का आहे. तो अर्ध्या टक्क्यात सहज मावतो, त्यामुळे १४८.३५ ऐवजी १४८.५ दिले म्हणून मोड नाकारला जात नाही.

एचडीएमआयमध्ये आवाजाचीही बाजू आहे. ध्वनीचा सॅम्पल दर स्वतंत्र तारेवरून जात नाही. तो व्हिडिओच्या क्लॉकवरून एन आणि सीटीएस या दोन संख्यांच्या आधारे पलीकडे पुन्हा घडवला जातो. ७४.२५ मेगाहर्ट्झ आणि ४८ किलोहर्ट्झसाठी एन ६१४४ आणि सीटीएस ७४२५० असतो. काही हार्डवेअर सीटीएस स्वतः मोजते, तेथे चिंता नाही. ड्रायव्हर ती संख्या कोष्टकातून भरत असेल आणि खरा क्लॉक कोष्टकापेक्षा वेगळा असेल, तर सॅम्पल दर तितक्याच प्रमाणात सरकतो, बफर हळूहळू भरतो किंवा रिकामा होतो आणि ठरावीक वेळाने टक् असा आवाज येत राहतो. म्हणून हिशेबात नेहमी मागितलेला दर न घेता प्रत्यक्ष मिळालेला दर घ्यावा.

थोडक्यात, एचडीएमआयची तपासणी कृपया काढू नका. प्रश्न पॅनेलपुरताच आहे.

अंबड_फर्मवेअर

गोदाकाठ यांचा अंदाज बरोबर निघाला. सिरियलायझर ब्रिज म्हणून नोंदला आहे आणि ड्रायव्हरमध्ये पॅनेलसाठीची सूट थेट जोडलेल्या पॅनेललाच आहे.

डेटाशीटमधले मर्यादांचे कोष्टक येथे देतो. पिक्सेल क्लॉक किमान ४०.८, नेहमीचा ५१.२, कमाल ६७.२ मेगाहर्ट्झ. एच-टोटल १११४, १३४४, १४००. व्ही-टोटल ६१०, ६३५, ८००. पॅनेल डीई मोडमध्ये, म्हणजे चित्राचा डेटा केव्हा वैध आहे हे सांगणाऱ्या डीई सिग्नलवर चालते. यावरून पाहिले तर ४९.५ आणि ५४ हे दोन्ही क्लॉक मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. मात्र ४९.५ वर फ्रेम दर ५८ हर्ट्झ होतो, आणि ५४ वर ६३.३. हे तसेच चालू द्यावे का?

गोदाकाठ

चालू देता येईल, पण त्याहून चांगले करता येते. पॅनेलला ६० हर्ट्झ हवे असतील तर क्लॉकवर अडून राहण्याची गरज नाही. ब्लँकिंग, म्हणजे ओळी आणि फ्रेम यांच्यामधला चित्र नसलेला वेळ, आपल्याच हातात आहे.

४९.५ मेगाहर्ट्झला ६० ने भागले की एका फ्रेममध्ये ८,२५,००० क्लॉक बसतात. व्ही-टोटल ६३५ तसाच ठेवला तर एच-टोटल १२९९.२ येतो. तो १३०० घ्या, कारण काही कंट्रोलरांना आणि दोन चॅनेलच्या एलव्हीडीएसला सम संख्या लागते. १३०० × ६३५ म्हणजे ८,२५,५००, आणि फ्रेम दर ५९.९६ हर्ट्झ. फ्रंट पोर्च (ओळीतले चित्र संपल्यावरचा ब्लँकिंगचा पहिला भाग) १६० असेल तर त्यातून ४४ क्लॉक काढून तो ११६ करावा. डीई मोडमध्ये पॅनेल केवळ डीई सिग्नल पाहते, त्यामुळे ब्लँकिंगची पोर्च आणि सिंकमधली आतली वाटणी कशी आहे याने त्याला फरक पडत नाही.

ही दुरुस्ती आडव्या दिशेने करण्यामागे कारण आहे. पॅनेलच्या दृष्टीने खरी नाजूक गोष्ट एका ओळीला मिळणारा वेळ ही असते, कारण तेवढ्या वेळात त्या ओळीतल्या सर्व पिक्सेलांचे कॅपॅसिटर आपापल्या व्होल्टेजपर्यंत भरायचे असतात. मूळ टायमिंगमध्ये एक ओळ २६.२५ मायक्रोसेकंदांची होती, ४९.५ मेगाहर्ट्झवर १३०० क्लॉकची ओळ २६.२६ मायक्रोसेकंदांची होते. म्हणजे पॅनेलच्या आतल्या काचेला काही बदलल्याचे कळतसुद्धा नाही. याउलट ५४ मेगाहर्ट्झ घेऊन ६० हर्ट्झ साधायचे तर आडव्या दिशेने १४१७ क्लॉक लागतात आणि ते कमाल १४०० च्या पलीकडे जाते. तेथे व्ही-टोटल ६७० करावा लागेल, फ्रेम दर बरोबर ६० च्या आसपास येईल, पण ओळीचा वेळ २४.९ मायक्रोसेकंदांवर, म्हणजे ५ टक्क्यांनी खाली येईल. तेही चालेल, परंतु दोन्ही पर्याय हाताशी असताना मी पहिलाच घेईन.

हे काही नवीन नाही. रास्पबेरी पायच्या डीएसआय ड्रायव्हरमध्येही पीएलएलपुढे पूर्णांकी डिव्हायडर आहे. तो ड्रायव्हर मागितलेल्यापेक्षा वेगवान असलेला जवळचा क्लॉक घेतो आणि त्याच प्रमाणात फ्रंट पोर्च लांबवून फ्रेम दर मूळ ठिकाणी आणतो. मायक्रोकंट्रोलरवरचे उदाहरण हवे असेल तर एसटीच्या एफ७४६ डिस्कव्हरी बोर्डाचा नमुना कोड उघडा. त्यावरच्या ४८० × २७२ पॅनेलला ९ मेगाहर्ट्झ हवेत, पण १ मेगाहर्ट्झला १९२ ने गुणून, मग ५ ने आणि ४ ने भागून ९.६ मेगाहर्ट्झ दिलेले आहेत. तेथे एच-टोटल ५६६ आणि व्ही-टोटल २८६ धरला आहे, म्हणून फ्रेम दर ५९.३ हर्ट्झ पडतो. क्लॉक ६.७ टक्के जास्त असूनही तो बोर्ड हजारो टेबलांवर बिनतक्रार चालतो आहे.

सातपूर_कंट्रोलपॅनेल

चर्चा मोठ्या पॅनेलांची आहे, पण आमच्यासारखे पुष्कळ जण अजूनही दोन ओळींचे अक्षरी एलसीडी आणि लहान ओएलईडी लावतात, आणि तेथे टॉलरन्सचा प्रश्न उलट्या बाजूने येतो, म्हणून लिहितो. या मॉड्यूलांमध्ये क्लॉक आपण देत नाही. कंट्रोलरच्या पोटातच आरसी ऑसिलेटर (रेझिस्टर आणि कॅपॅसिटरवर चालणारे घड्याळ) असतो, आणि तो किती सैल असू शकतो हे धरून ड्रायव्हर लिहावा लागतो.

एचडी४४७८० या अक्षरी एलसीडीच्या कंट्रोलरचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. बहुतेक सूचनांना ३७ मायक्रोसेकंद लागतात असे सगळीकडे लिहिलेले असते, पण तो आकडा ऑसिलेटर २७० किलोहर्ट्झवर असतानाचा आहे. डेटाशीटमध्येच पुढे दिले आहे की ऑसिलेटर २५० वर असेल तर तेच काम ४० मायक्रोसेकंद घेते. अंतर्गत ऑसिलेटरची मर्यादा १९० ते ३५० किलोहर्ट्झ आहे. १९० धरले की ३७ चे ५२.६ होतात, आणि पडदा पुसण्याच्या सूचनेचे १.५२ मिलिसेकंद २.१६ पर्यंत जातात. जे कोड ४० मायक्रोसेकंद थांबून पुढे जातात ते कार्यशाळेतल्या टेबलावर चालतात आणि एखाद्या वेगळ्या लॉटच्या मॉड्यूलवर मधली अक्षरे खातात. बिझी फ्लॅग (कंट्रोलर कामात आहे का हे सांगणारा बिट) वाचणे हा खरा उपाय आहे. वाचण्याची पिन ग्राउंडला जोडून टाकली असेल तर ६० मायक्रोसेकंद आणि अडीच मिलिसेकंद थांबावे. त्यातही आपला मायक्रोकंट्रोलर स्वतःच्या आरसी ऑसिलेटरवर चालत असेल तर आपले थांबणेही एखाद-दोन टक्क्यांनी आखूड होऊ शकते, हे लक्षात घ्यावे. दोन सैल घड्याळे विरुद्ध दिशेला गेली की फरकांची बेरीज होते.

एसएसडी१३०६ या ओएलईडी कंट्रोलरचा अंतर्गत क्लॉक ३७० किलोहर्ट्झ आहे आणि त्याची मर्यादा ३३३ ते ४०७, म्हणजे ±१० टक्के. एका ओळीला ५४ क्लॉक आणि ६४ ओळी धरल्या तर फ्रेम दर १०७ हर्ट्झ निघतो, पण प्रत्यक्षात तो ९६ ते ११८ यांमध्ये कुठेही असू शकतो. डोळ्याला यात काहीच कळत नाही. अडचण येते ती या दरावर अवलंबून राहून कोणी स्क्रोलिंगचे गणित बांधले तर. आयएलआय९३४१ या रंगीत एलसीडीच्या कंट्रोलरमध्येही तसेच आहे: ६१५ किलोहर्ट्झ भागिले २७ क्लॉक, भागिले ३२४ ओळी, म्हणजे ७० हर्ट्झ, पण हा ७० कंट्रोलरच्या घड्याळाचा आहे, आपल्या नाही. आपण टायमर लावून त्याच गतीने चित्र पाठवू लागलो, तर दोन्ही घड्याळे एकमेकांपासून सरकतात आणि चित्र फाटल्याची रेषा पडद्यावर संथपणे वर किंवा खाली चालत जाते. टीई पिन, म्हणजे कंट्रोलरची फ्रेम कुठवर आली हे कळवणारी पिन, त्यासाठीच दिलेली असते. टायमर कितीही बारीक जुळवला तरी निफाडच्या पहाटेला आणि दुपारच्या शेडमध्ये तो एकसारखा जुळणार नाही.

द्वारका_चौफुली

मला थोडे विरोधी मत मांडायचे आहे. डेटाशीटमध्ये किमान आणि कमाल दिले आहे म्हणून त्यामधले काहीही चालेल, असे सरसकट धरणे बरोबर नाही. त्या मर्यादा एकेका रकमेच्या असतात. क्लॉक किमान, ब्लँकिंग कमाल आणि तापमान शून्याजवळ अशी तिन्ही टोके एकत्र धरून पॅनेल तपासलेले असेलच असे नाही. कारखान्यात व्हीकॉमचे (सर्व पिक्सेलांच्या समाईक टोकाचे) व्होल्टेज फ्लिकर कमीत कमी दिसावा असे जुळवतात, आणि ते नेहमीच्या फ्रेम दरावर जुळवलेले असते. ४०.८ मेगाहर्ट्झवर मूळचेच टोटल ठेवले तर फ्रेम दर ४७.८ होतो, चित्र येईल, पण राखाडी पट्ट्यांवर फ्लिकर दिसला तर पॅनेलवाल्याकडे तक्रार करायला तोंड राहणार नाही. म्हणून ड्रायव्हरने पॅनेललाही काहीतरी ठाम मर्यादा लावावी असे माझे मत आहे.

गोदाकाठ

आपला मुद्दा मान्य आहे, आणि म्हणूनच तपासणी क्लॉकवर लावण्यापेक्षा फ्रेम दरावर आणि ओळीच्या वेळेवर लावलेली मला बरी वाटते. क्लॉक मर्यादेत आहे, टोटल मर्यादेत आहेत, आणि दुरुस्तीनंतरचा फ्रेम दर मूळ दराच्या एखाद्या टक्क्यात आहे, एवढे पाहिले तर आपण म्हणता ती टोके एकत्र येण्याचा प्रश्न राहत नाही. धागाकर्त्यांचा प्रस्तावित मोड तर मूळ ओळीच्या वेळेपासून एका सहस्रांशानेही ढळत नाही.

ठामपणाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. मॉनिटरकडे दहा मोड असतात, एक नाकारला तर नऊ उरतात. पॅनेलकडे एकच मोड असतो. तो नाकारणे म्हणजे उपकरण बंद पाडणे. तेथे ड्रायव्हरने लॉगमध्ये स्पष्ट इशारा द्यावा आणि चित्र दाखवावे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा टिलसीडीसी हा ड्रायव्हर हेच करतो: मिळालेला क्लॉक मागितलेल्यापेक्षा ५ टक्क्यांहून अधिक वेगळा असेल तर इशारा छापतो आणि पुढे जातो. उत्पादन तपासणीच्या टप्प्यावर तो इशारा कोणी वाचायचा हे कंपनीने ठरवावे.

त्र्यंबकरोड

तपासणी नव्याने लिहिणारच असाल तर हिशेबातल्या दोन खाचा सांगून ठेवतो, कारण त्या सहसा कोडच्या परीक्षणात दिसत नाहीत.

पहिली गोलाईची. कर्नलमध्ये मोडचा क्लॉक किलोहर्ट्झमध्ये साठवलेला असतो आणि क्लॉकची यंत्रणा हर्ट्झमध्ये चालते. समजा मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आहे आणि पॅनेलला त्याचा तिसरा हिस्सा हवा आहे. मोडमध्ये ३३,३३३ किलोहर्ट्झ लिहिले जातात, म्हणून मागणी ३,३३,३३,००० हर्ट्झची जाते. ३ ने भागल्यावर मिळणारा दर मागणीपेक्षा ३३३ हर्ट्झने जास्त असतो. सर्वसाधारण डिव्हायडर मूलतः मागणीपेक्षा जास्त दर देत नाही, म्हणून तो ४ ने भागतो आणि तुम्हाला थेट २५ मेगाहर्ट्झ मिळतात. एक लाखातल्या एका हिश्शाच्या गोलाईने २५ टक्क्यांची चूक घडते. डिव्हायडर नोंदवताना सर्वांत जवळच्या दराकडे झुकण्याचा पर्याय दिला की हे टळते. धागाकर्त्यांच्या बोर्डावर ५१.२ मागितल्यावर ४९.५ मिळाले ते खाली झुकण्याच्या याच नियमाने. येथे तो दर जवळचाही होता हा योगायोग.

दुसरी खाच ३२ बिटांची. टॉलरन्स पीपीएममध्ये काढायचा म्हणून ५९,४०,००,००० ला एखाद्या मोठ्या संख्येने गुणले की ४२९ कोटींची मर्यादा लगेच ओलांडली जाते आणि उत्तर निमूटपणे चुकीचे येते. साध्या १० ने गुणले तरी ५९४ कोटी होतात. ३२ बिटांच्या एआरएमवर हा गुणाकार ६४ बिटांतच करावा.

सातपूर_कंट्रोलपॅनेल

एक लहान भर. बॅकलाइटचा पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल) फ्रेम दराच्या पटीत ठेवला असेल तर तोही पाहून घ्या. २४० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम ६० हर्ट्झच्या चौपट आहे, पण ५८ हर्ट्झची चौपट २३२ होते आणि ८ हर्ट्झच्या फरकाने पडद्यावर मंद पट्टे सरकताना दिसतात. पीडब्ल्यूएम काही किलोहर्ट्झवर नेता येत असेल तर हा प्रश्न जवळजवळ संपतो.

अंबड_फर्मवेअर

सर्वांचे आभार. पीडब्ल्यूएमची सूचना विशेष उपयोगी पडली, कारण आमचा २०० हर्ट्झवर होता. तो आता २ किलोहर्ट्झवर नेला आहे.

डिव्हाइस ट्रीविषयीचा पहिला वाद असा मिटला. पॅनेलच्या मूळ नोंदीत ५१.२ हेच राहील आणि तीत किमान, नेहमीचे व कमाल असे तिन्ही आकडे डेटाशीटप्रमाणे असतील, कारण ती नोंद पॅनेलचे वर्णन आहे आणि उद्या दुसऱ्या प्रोसेसरवरही तीच वापरायची आहे. ४९.५ मेगाहर्ट्झ, एच-टोटल १३०० आणि फ्रंट पोर्च ११६ या रकमा आमच्या बोर्डाच्या फाइलमध्ये टायमिंगचा स्वतंत्र नोड करून लिहिल्या. कर्नलमधला साधा पॅनेल ड्रायव्हर असा नोड स्वीकारताना पोर्च आणि सिंकच्या रकमा मूळ नोंदीच्या मर्यादेत बसतात का हे स्वतःच तपासतो, त्यामुळे कोणी मनाला येईल ते लिहिले तर तो ते घेत नाही. मोडमध्येच ४९.५ आल्यामुळे डिस्प्ले ड्रायव्हरच्या अर्ध्या टक्क्याच्या तपासणीतूनही तो शून्य फरकाने पार पडतो. तरीही ड्रायव्हरमधला दोष दुरुस्त करणे आवश्यक वाटले.

ड्रायव्हरमध्ये आता साखळीतला शेवटचा घटक पाहिला जातो. तो पॅनेल असेल तर मोड नाकारला जात नाही. फ्रेम दर १ टक्क्याहून अधिक ढळला तर मागितलेला क्लॉक, मिळालेला क्लॉक आणि येणारा फ्रेम दर अशा तीन रकमा लॉगमध्ये छापल्या जातात. एचडीएमआयच्या बाजूला दर हजारी ५ तसेच ठेवले आहे. डिव्हायडरला जवळच्या दराकडे झुकण्याचा पर्याय दिला आहे आणि गुणाकार ६४ बिटांत केला आहे. हा बदल चिप उत्पादकाच्या कर्नल शाखेकडे पाठवतो आहे.

द्वारका_चौफुली

पाठवताना वर्णनात डेटाशीटमधले मर्यादांचे कोष्टक आणि ओळीच्या वेळेचे दोन्ही आकडे अवश्य द्या. परीक्षण करणारा पहिला प्रश्न तोच विचारील की १ टक्का कशावरून ठरवला.

अंबड_फर्मवेअर

दिले आहेत. १ टक्का हा आकडा स्थिरांक म्हणून वर काढून ठेवला आहे आणि तो केवळ इशाऱ्यासाठी आहे, त्यावरून काहीही नाकारले जात नाही, असे त्याच्याशेजारीच लिहिले आहे.